भाकर एलियाच्या हातची

गेल्या रविवारी प्रभुभोजनाचा तुकडा तोंडात घातला आणि तो टाळूला चिकटून बसला. बेकरीचा पाव. गोडूस, पिवळसर, चावताना कापूस खाल्ल्यासारखा. शेजारी बसलेली एक सूनबाई डोळे मिटून भक्तिभावानं चघळत होती. मी जिभेनं तो तुकडा सोडवत बसले आणि मनात म्हटलं, भोगा आता. एलिया तायडेला शेवटच्या बाकावर बसवलंत ना, मग खा हा कापूस.

शिक्षा फारच लहान आहे, ते मला ठाऊक आहे.

एलिया आमच्या अमरावतीच्या मिशन कंपाउंडात मुलींच्या बोर्डिंगचा स्वयंपाकी होता. मूळचा बाळापूरकडचा. तरुणपणी गोऱ्या मिशनरींच्या बंगल्यावर बावर्ची होता. उन्हाळ्यात साहेबलोक चिखलदऱ्याला जायचे तेव्हा हाही भांडीकुंडी बांधून वर जायचा. मेमसाहेबांकडून पाव भाजायला शिकला. पुढं साहेब गेले, पाव राहिला. मी त्याच कंपाउंडात मुलींच्या शाळेत शिकवत होते. सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी. अमरावती तेव्हा अजून मध्य प्रदेशात होती.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब प्रभूचं शरीर म्हणून भाकर मोडायचे, तिचे तुकडे पितळी ताटांत घालून पंचमंडळी बाकाबाकांवर फिरवायची. पावच तो, पण देवळात त्याला भाकर म्हणायचं. द्राक्षारसाच्या जागी मनुका उकळून काढलेला रस. जुना नियम असा, की ही भाकर मंडळीतल्याच माणसाच्या हातची पाहिजे, बाजारची चालणार नाही. ते हात एलियाचे, रसही तोच उकळायचा.

त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. भट्टी तो गाण्यांवर चालवायचा. शनिवारी दुपारी खोलीमागच्या मातीच्या भट्टीत पाव सरकवला, की सात कडव्यांचं एक उपासनेचं गाणं तीनदा म्हणायचा, मग झाकण किलकिलं करून वास घ्यायचा, मग दोन कडव्यांचं एक छोटं गाणं, आणि पाव बाहेर. आवाज फाटका, पण ताल पक्का. बोर्डिंगच्या मुली खिडकीतून ओरडायच्या, "एलियाकाका, पाचवं कडवं सोडलं तुमी!" तो तिकडं न बघता ओरडायचा, "तुमच्या वरनात पाचवं कडवं घालतो संध्याकाळी, चूप बसा!"

जीभ तिखट होती मेल्याची. कोणी जेवणाला नाव ठेवलं, की संपलं. एकदा बोर्डिंगच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "एलिया, भाजी अळणी आहे." हा म्हणतो, "बाई, भाजी अयनी नाई. तुमचं तोंड सकायपासून कडू हाय." आणि तरी मीठ मोजायचं त्याचं एक शास्त्र होतं. स्वयंपाक करताना तो कधी चाखत नसे. "चाखते तो सैपाकी नसते, उपाशी असते," म्हणायचा. मीठ तळहातावर घ्यायचं, हात थोडा हलवायचा आणि टाकायचं. देवाच्या भाकरीचं तर बोलायलाच नको. मेजावर मांडण्याआधी तिचा कण तोंडात घालणं म्हणजे त्याच्या लेखी चोरी. मग मीठ बरोबर पडलं की नाही, हे त्याला कळायचं ते थेट रविवारी, सगळ्यांबरोबर तुकडा तोंडात गेल्यावर. मी त्याच्या मागच्याच बाकावर बायकांकडच्या रांगेत असायची. तो हळूच मान वळवायचा आणि प्रार्थना चालू असताना पुटपुटायचा, "आज कमी पडलं, बाई." पुढच्या महिन्यात ते बरोबर असायचं.

त्याच्या शेजारच्या खोलीत पौल इंगळे राहायचे. मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, गोरटेले, केस मागं वळवलेले, आणि गायनमंडळात खर्जातला असा आवाज की बाकाच्या फळीला हात लावला तर ती थरथरताना कळावी. खोल्या दोन, चूल एक. मास्तरांचे सदरे एलियाच्या दोरीवर वाळायचे, एलियाचा चष्मा मास्तरांच्या टेबलावर असायचा. दहा वर्षं हे सगळ्या कंपाउंडानं पाहिलं. पाहिलं आणि गिळलं. आमच्याकडे त्याला शब्द नव्हता. होत्या त्या शिव्याच, आणि त्या द्यायच्या म्हणजे आधी कबूल करावं लागणार, की आपल्याला कळलंय. त्यापेक्षा न कळलेलं सोपं.

एका सहलीत कोणीतरी त्याला छेडलं, "काहून गा एलिया, लगन नाई केलं तू?"

"केलं ना बाप्पा. तुमाले बोलावलं नाई म्हनून रुसले काय?"

सगळे पोट धरून हसले. इंगळेमास्तर खाली बघून संत्रं सोलत बसले. एलियानं आयुष्यात खोटं म्हणून काही सांगितलं नाही, आम्हीच ते विनोदात काढलं.

मग मास्तरांना टायफॉईड झाला. एकेचाळीस दिवस. एलियानं बोर्डिंगचा स्वयंपाक केला आणि उरलेला सगळा वेळ त्या खाटेशी बसला. पेज गाळायची, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, घाण काढायची, हे सगळं. मी एकदा डोकावले तर हा मास्तरांच्या पायाला तेल चोळत होता आणि देवाशी भांडत होता. भांडत म्हणजे अगदी शेजाऱ्याशी भांडावं तसं. "देऊन परत घेतं का कोनी? हे काय पद्धत झाली?" मला बघून थांबला नाही.

मास्तर उठले. आणि एलियानं ती चूक केली.

आमच्यात उपकारस्तुतीची चाल आहे. घरात काही चांगलं झालं, की चिठ्ठी लिहून दानाबरोबर पुढं ठेवायची. पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर वाचतात आणि मंडळी आमेन म्हणते. म्हैस व्याली, पोरगा मॅट्रिक झाला, कोर्टाचा निकाल बाजूनं लागला, सगळ्याच्या चिठ्ठ्या. त्या रविवारी मेजावर एलियाचा ताजा पाव होता, पांढऱ्या रुमालात बांधलेला, आणि त्याला टाचलेली चिठ्ठी. पाळकसाहेब नगरकडचे, नवे, डोळ्यांना अधू. चिठ्ठ्या आधी चाळून बघायची त्यांना सवय नव्हती. नाकाशी धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली:

"माझा पौल दुखण्यातून उठला. माणसानं एकटं राहू नये, हे देवाला पहिल्यापासूनच वाटत आलं आहे. कोणाला त्यानं बायको दिली, कोणाला नवरा. मला त्यानं पौल दिला, त्याला दहा वर्षं झाली, आणि आता दुसऱ्यांदा दिला. त्याबद्दल…"

उपकारस्तुती हा शब्द त्यांनी वाचलाच नाही. कागद तसाच नाकाशी राहिला. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला. एलिया आपल्या बाकावर ताठ बसला होता, आमेनची वाट बघत. त्याला खरंच वाटलं होतं, की मंडळी आमेन म्हणेल! म्हशीला म्हणते, मग पौलला का नाही?

आणि मग कोणीतरी हसलं. पहिलं हसू बायकांच्या रांगेतून आलं. ते माझं होतं. घाबरून आलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. घाबरून का होईना, हसले मीच. माझ्यामागून सगळं देऊळ हसलं.

गुरुवारी शाळेच्या खोलीत पंच बसले. माझं अक्षर चांगलं म्हणून मला ठराव लिहायला बोलावलं. पाळकसाहेबांनी एलियाला विचारलं, "तुम्ही आपलं पाप कबूल करता का?"

"कोनतं, साहेब?"

"चिठ्ठीत लिहिलंत ते."

"चिठ्ठीत तं म्या उपकार मानले. पाप असतं तं माफी नसती का मांगितली?"

"एलिया, देवानं पुरुषाला कशासाठी निर्माण केलं…"

"साहेब, मी पीठ पाहून पानी घालतो. पीठ जसं असन तसं. देवानं मले मयलं तवा त्याचा हात चुकला म्हनता का?"

एक पंच टेबलावर हात आपटून म्हणाले, "लय शहाना होऊ नको." एलिया म्हणाला, "देवाले माहीत हाय," आणि टोपी घालून निघाला. मी लिहिलं: अनीतीचे वर्तन, पश्चात्तापाचा अभाव, मंडळीपुढे कबुली देईपर्यंत प्रभुभोजनातून वर्ज्य. दोन प्रती. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत त्याला मीच नेऊन दिली. चष्मा लावून त्यानं ती पूर्ण वाचली. "अक्षर लय सुंदर हाय, बाई," म्हणाला, आणि घडी घालून खिशात ठेवली.

इंगळेमास्तर पुढच्याच रविवारी उभे राहिले. रुमाल डोळ्यांना. "मी आजारी होतो, अशक्त होतो, मोहाला बळी पडलो," म्हणाले. दहा वर्षं टायफॉईड चालतो, हे मला तेव्हा कळलं. पंचांनी त्यांना मिठ्या मारल्या. त्याच महिन्यात ते प्रभुभोजनाला परत. खोली बदलून कंपाउंडाच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि वर्षाच्या आत अकोल्याच्या एका नर्सशी लग्न केलं. लग्नाचा केक कोणी केला असेल? सांगायला मास्तरांकडचेच लोक एलियाकडे गेले, कारण तीन मजली केक गावात दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. त्यानं केला. पांढऱ्याशुभ्र साखरेची नक्षी, वर लहान लहान कबुतरं. सगळे चाटूनपुसून खाऊन गेले. तो लग्नाला नव्हता.

आता भाकरीची गोष्ट. एलियाला वर्ज्य केल्यावर पहिल्या महिन्यात पंचांच्या बायकांनी मिळून भाकर केली. अहो, काय ती भाकर! वीट बरी. पाळकसाहेब ती मोडायला लागले, मोडेना. मेजाच्या कडेवर टेकवून, गुडघा लावून प्रभूचं शरीर मोडावं लागलं. एका म्हाताऱ्याचा दात तुटला. त्याच आठवड्यात पंच पुन्हा बसले आणि ठरावाला दुसरं कलम जोडलं: एलिया तायडे यांचे नाव सभासद म्हणून कायम ठेवून भाकरीची सेवा त्यांच्याकडे चालू ठेवावी. म्हणजे काय? करायचं त्यानं, खायचं आम्ही. हे कलमसुद्धा मीच लिहिलं, आणि निरोपही मीच घेऊन गेले. वाटलं, आता हा भट्टीतलं लाकूड माझ्या डोक्यात घालतो.

तो कोबी चिरत होता. म्हणाला, "मनुका गुरवारी पाठवा म्हना. मांगच्या बारी किडक्या होत्या."

"एलियाभाऊ, तुम्ही करणार?" माझ्याच्यानं राहवलं नाही. "त्यांच्यासाठी?"

"भाकर त्यायची कुठं हाय, बाई? त्याची हाय." आणि सुरीनं वर छपराकडे दाखवलं. "त्यानं कुठं मले ठराव देल्ला?"

तेव्हापासून पंचांच्या सांगण्यावरून तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला लागला. एकटा. एकही रविवार चुकवला नाही. गाणी म्हणायचा, प्रार्थनेला उभा राहायचा, आणि त्याच्या हातची भाकर त्याच्या डोक्यावरून पुढं जायची. इंगळेमास्तर लग्नानंतर पंच झाले, त्यामुळे मागच्या बाकांकडे ताट फिरवायचं काम त्यांचं. शेवटच्या बाकाशी आले, की ते ताट खांद्याच्या वर उचलायचे आणि निघून जायचे. एकदा एलियानं ते जाताना विचारलं, अगदी हळू, "मास्तर, तब्येत बरी हाय ना?"

मास्तरांच्या हातातलं ताट कललं. एक तुकडा खाली पडला, एलियाच्या पायाशी. पुढचे सगळे मागं वळून बघायला लागले. पाळकसाहेबही थांबले. आता उचलून तोंडात टाकेल, असंच सगळ्यांना वाटलं. काहींना तर तसंच हवं होतं, नंतर बोलायला. एलिया वाकला, तुकडा उचलला, फुंकर मारली, आणि परत ताटात ठेवला. मग हात जोडून बसला. मास्तर ताट घेऊन असे पळाले, की सांगायची सोय नाही.

सहा वर्षं गेली. पाळकसाहेबांची बदली ठरली. माणूस वाईट नव्हता, आणि हे त्यांच्या मनाला टोचत असावं. ते माझ्याकडे आले, म्हणाले, "एक ओळ लिहून द्या. 'माझ्या हातून पाप झालं, मला पश्चात्ताप आहे.' कोणतं पाप, कोणाबरोबर, काही नको. त्यानं उभं राहून एवढंच म्हणावं. मी स्वतः त्याला ताटातून देईन." मी लिहिलं. एलियानं कागद घेतला. येतो म्हणाला. त्या शनिवारी भट्टीपाशी त्याचा आवाज फार मोकळा लागला होता. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते उद्यावर आलं होतं, हे आम्हा सगळ्यांना त्या गाण्यात ऐकू येत होतं.

रविवारी तो उभा राहिला. धुतलेला पांढरा कोट. कागद उघडला, बघितला आणि पुन्हा घडी केली.

"हे वाक्य बाईनं लिहून देल्लं," म्हणाला. "चांगलं हाय. पन माह्यं नाई. माह्यं पाप मीच सांगतो. सहा वर्सं मी तुमच्यासाठी पीठ मयतो. आन मयता मयता तुमच्या एकेकाचं नाव घेऊन शिव्या देतो. असा एक शनवार नाई गेला. रागाच्या हातानं देवाची भाकर केली म्या. हे पाप हाय. याची माफी मांगतो, देवाले आन तुमाले बी."

माझ्या शेजारची म्हातारी रडायला लागली. पाळकसाहेबांनी विचारलं, "एवढंच, एलिया?"

"एवढंच हाय, साहेब. अजून असतं तं तेही सांगतलं असतं. उठलोच होतो."

पाळकसाहेबांचा हात ताटाकडे गेला. खरंच गेला, मी पाहिला. त्यांनी नुसतं रिवाजापुरतं पंचांच्या बाकाकडे बघितलं.

"हे पुरेसं नाही, साहेब," असं तिथून ऐकू आलं. खर्जातला आवाज. बाकाच्या फळीला हात न लावताही कळला.

पाळकसाहेबांचा हात मागं आला. मी उभी राहिले का? नाही. उभं राहून दोन शब्द बोलले असते, तर काय गेलं असतं माझं? नोकरी गेली असती फार तर. बसून राहिले. ताट फिरलं, शेवटच्या बाकाशी खांद्यावर चढलं आणि निघून गेलं.

आणखी दोन वर्षांनी एका शनिवारी भट्टीवरचं गाणं मधेच थांबलं. मी धावले. एलिया जमिनीवर, अर्धं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं. मला बघून बोट भट्टीकडे केलं. "तीन कडवे… राह्यले." मी ती तीन कडवी म्हटली, रडत आणि बेसूर. मग छोटं गाणंही म्हटलं, आणि पाव बाहेर काढला. संध्याकाळी त्याची बहीण येऊन त्याला अकोल्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच भाकरीचं प्रभुभोजन झालं. ताट माझ्यापुढं आलं, मी तुकडा घेतला, आणि तोंडाशी नेऊन रुमालात बांधला.

गुरुवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. सरकारी दवाखाना, मोठा वॉर्ड, कोपऱ्यातली खाट. बहीण खाली बसून संत्र्याच्या फोडी सोलत होती. जीभ जड झाली होती, पण तिखटपणा होता तसाच. मी रुमाल सोडला. चार दिवसांचा वाळका तुकडा.

"कोनं देल्ला?"

"मी आणला. माझ्या वाट्याचा."

"पाठवला नाई कोनी?"

"नाही."

त्यानं तुकडा बोटानं दाबून पाहिला. मग चांगल्या हातानं रुमाल माझ्याकडे ढकलला. "चोरीचा नको, बाई. अख्खी भाकर माह्या हातात रायची. आठ वर्सं. मांगच्या दारानं खायाची असती तं तवाच नसती खाल्ली?" श्वास घेतला. "समोरून दिली असती, तं घेतली असती. खा तुमी. फेकू नका."

मी खाल्ला. तो माझ्या जबड्याकडे बघत होता, लहान पोर बघतं तसा.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"बरोबर म्हंजे काय?" चिडलाच. "नीट सांगा ना. आठ वर्सं झाले, म्या कोनाले इचाराचं?"

मी म्हणाले, "थोडं कमी आहे, एलियाभाऊ."

"वाटलंच मले," म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं. "सांगाचं ना मंग, बाई. नुसतं सांगाचं होतं."

मी खाली मान घालून रुमालाची घडी करत राहिले. ज्या महिन्यात त्याला मागं बसवलं, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून मीठ कमी होतं. आम्हा सगळ्यांना कळत होतं.